सादर ते जाहीर

सरकारी समितीच्या आयुष्यात वर्तमानपत्रांतल्या बातम्या साधारण तीन. समिती नेमल्याची पहिली, मुदतवाढ मिळाल्याची दुसरी आणि अहवाल सादर झाल्याची तिसरी. तिसऱ्या बातमीबरोबर छायाचित्र असतं. समितीचे अध्यक्ष स्पायरल बांधणीचं जाडजूड बाड पुढे करताहेत, मंत्र्यांनी ते दोन्ही हातांनी धरलंय आणि सगळे कॅमेऱ्याकडे पाहताहेत. बाडाकडे कुणाचीच नजर नाही. चौथी बातमी, म्हणजे अहवाल जाहीर झाल्याची, आली तर आली. मराठीने या दोन गोष्टींना दोन वेगळे शब्द ठेवलेत हे बरंच आहे. सादर करायचं ते वरच्याला आणि जाहीर करायचं ते सगळ्यांना. या दोन शब्दांच्या मध्ये किती दिवस जातात, त्या दिवसांत अहवालाचं काय होतं आणि अखेर तो संकेतस्थळावर चढला तरी नागरिकाला वाचता येतो का, हा इथला विषय. माझं म्हणणं असं की सरकारी पैशाने झालेला अहवाल सादर झाला त्या दिवशीच लोकांचा होतो. सरकारने तो स्वीकारायची वाट पाहायची नसते. आणि तो दाबून ठेवण्यात सरकारला जो फायदा दिसतो, तोही बहुतेक वेळा पदरात पडत नाही.

हे म्हणणं तपासायला महाराष्ट्र आणि गोव्याच्या वाचकाला जवळचं असलेलं एक प्रकरण घेऊ. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने मार्च २०१० मध्ये प्रा. माधव गाडगीळ यांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटासाठी एक तज्ज्ञ गट नेमला. तेव्हा मंत्री होते जयराम रमेश. सहा राज्यांतला, सुमारे १ लाख २९ हजार चौरस किलोमीटरांचा मुलूख, त्यातले १४२ तालुके, सुमारे नऊ किलोमीटर लांबी-रुंदीचे चौकोन पाडून तपासलेला नकाशा, रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांचा स्वतंत्र विचार, गोव्याच्या खाणी, केरळातला अतिरप्पिल्लीचा जलविद्युत प्रकल्प, असा सगळा ऐवज असलेला दोन भागांचा अहवाल गटाने ३१ ऑगस्ट २०११ रोजी सादर केला. तोवर रमेश यांचं खातं बदललं होतं आणि जयंती नटराजन मंत्री झाल्या होत्या. अहवाल मंत्रालयात गेला आणि तिथेच राहिला. संकेतस्थळावर आला नाही, छापला गेला नाही आणि ज्या राज्यांबद्दल तो होता तिथल्या लोकांना त्यात काय लिहिलंय ते कळायची काही सोय झाली नाही.

केरळातल्या एका नागरिकाने माहितीच्या अधिकारात अर्ज केला. त्याला मुख्यतः अतिरप्पिल्लीबद्दल गटाने काय म्हटलंय ते हवं होतं. मंत्रालयाने नकार दिला आणि त्याची कारणं दोन दिली. एक, हा अहवाल अजून अंतिम नाही, त्यावर राज्य सरकारांशी विचारविनिमय चालू आहे. दोन, कायद्याच्या कलम ८(१)(क) मधल्या, देशाच्या वैज्ञानिक आणि आर्थिक हितसंबंधांच्या अपवादात तो बसतो. प्रकरण अपिलात केंद्रीय माहिती आयोगापर्यंत गेलं. आयुक्त शैलेश गांधी यांनी ९ एप्रिल २०१२ रोजी अहवाल खुला करण्याचा आदेश दिला. मंत्रालय त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १७ मे २०१२ रोजी न्या. विपिन सांघी यांनी याचिका फेटाळली. न्यायालयाचा मुद्दा साधा होता. गटाने आपलं काम पुरं करून अहवाल हातावेगळा केला की गटापुरता तो अंतिमच झाला. सरकारला तो पटला की नाही ही पुढची गोष्ट, आणि सरकार धोरण ठरवण्याआधी लोकांना बोलता यावं म्हणून तर तो त्यांना आधी कळायला हवा. सहा दिवसांनी, २३ मे रोजी, अहवाल मंत्रालयाच्या संकेतस्थळावर आला. त्या फाइलच्या नावातच २३०५२०१२ हे आकडे होते. जन्मतारीख लिहावी तसे. खरी जन्मतारीख २६६ दिवस आधीची होती.

फाइलबरोबर मंत्रालयाने खुलासाही जोडला होता की अहवाल औपचारिकपणे स्वीकारलेला नाही, त्यावर अभ्यास चालू आहे. या ओळीकडे जरा नीट पाहायला हवं, कारण सरकारच्या मुख्य आक्षेपाचं उत्तर सरकारनेच तिच्यात दिलेलं आहे. अहवाल आधी उघड केला तर लोक त्यालाच सरकारी धोरण समजतील, घबराट होईल, जमिनींचे व्यवहार उलटेपालटे होतील, असा हा आक्षेप असतो. तो अगदीच पोकळ नाही. कोकणात नकाशावर एखादी रेघ मारली जाणार अशी नुसती कुणकुण लागली तरी सातबारे फिरू लागतात. पण लोकांचा गैरसमज होऊ नये म्हणून काय करायचं असतं? हा प्रस्ताव आहे, निर्णय नव्हे, असं पहिल्या पानावर ठळक लिहायचं असतं. मंत्रालयाने शेवटी तेच केलं. जे एका ओळीत भागलं, त्यासाठी नऊ महिने आणि दोन पायऱ्यांची लढाई कशाला लागली?

त्या नऊ महिन्यांत मधली जागा रिकामी राहिली नाही. कागद बंद असला की तोंडं उघडतात. गाडगीळ अहवाल आला की शेतकऱ्याला घर बांधता येणार नाही, विहीर खणता येणार नाही, गावंच्या गावं उठवली जातील, अशा गोष्टी घाटाच्या दोन्ही अंगांना पसरल्या. अहवालात कडक गोष्टी खरंच होत्या आणि त्यांना विरोध करण्याचा लोकांना पुरेपूर हक्क होता. गटाने ठरवलेल्या पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक श्रेणीच्या संवेदनशील क्षेत्रात नव्या खाणी नकोत, मोठी धरणं नकोत, प्रदूषणकारी उद्योग नकोत, रासायनिक कीटकनाशकं टप्प्याटप्प्याने बंद करावीत, शेतजमिनीचा बिगरशेती वापर नको. पण बिगरशेतीच्या त्या कलमातच एक अपवाद होता, की स्थानिक लोकसंख्या वाढते तशी गावठाणाची वाढ होऊ द्यावी. घर बांधता येणार नाही असं सांगत फिरणाऱ्याला हे वाक्य दाखवून गप्प करता आलं असतं. मात्र ते दाखवायला वाक्य हातात असावं लागतं.

पुढचं आणखी बोलकं आहे. अहवाल खुला झाला, हरकती आणि सूचनांसाठी ४५ दिवस मिळाले, पण अहवाल इंग्रजीत, पाचशेहून अधिक पानांचा. त्यात क्षेत्रांची विभागणी तालुकावार, म्हणजे आपलं गाव नेमकं कुठे पडतं हे दोडामार्गच्या किंवा सत्तरीच्या माणसाला त्यावरून कळणं अवघड. मंत्रालयाकडे सुमारे १७५० प्रतिक्रिया आल्या आणि त्यांतल्या ८१ टक्के अहवालाच्या बाजूच्या नव्हत्या, असं गाडगीळ अहवालाचा फेरविचार करायला नंतर नेमलेल्या कस्तुरीरंगन कार्यगटाने नमूद केलं. ही टक्केवारी तेव्हापासून 'लोकांनीच अहवाल नाकारला' याचा पुरावा म्हणून फिरते आहे. सहा राज्यांची, कोट्यवधी वस्तीची डोंगररांग, आणि ज्यांना इंग्रजी वाचता येतं व ईमेल धाडता येते अशा सतरा-अठराशे जणांचं मत! अहवालात स्वतः गाडगीळ गटाने म्हटलं होतं की आमच्या शिफारशी स्थानिक भाषांतून ग्रामसभांपुढे न्याव्यात आणि अंतिम सीमा तिथून ठरत याव्यात. सिंधुदुर्गातल्या काही ग्रामसभांनी तर आमचं गाव संवेदनशील क्षेत्रात घ्या, असे ठराव आधीच केले होते. त्या ठरावांची टक्केवारी कुणी काढली नाही.

या अहवालात रत्नागिरी जिल्ह्यासंबंधी एक भाग आहे, तो आपल्या विषयावर नेमकं बोट ठेवतो. उद्योग कुठे उभारावेत आणि कुठे उभारू नयेत हे दाखवणारे जिल्हावार नकाशे प्रदूषण नियंत्रण मंडळांच्या यंत्रणेने सरकारी खर्चाने तयार केले होते. हवा, पाणी, वस्ती यांचा विचार करून कोणत्या जागी किती प्रदूषण सोसवेल याचा अंदाज त्यांत होता. हे नकाशे लोकांपुढे आलेच नाहीत, अशी तज्ज्ञ गटाची तक्रार आहे. लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीच्या सांडपाण्याबद्दल खाडीकाठचे मच्छीमार वर्षानुवर्षं ओरडत होते, आणि त्याच सुमारास त्यांच्या बाजूने बोलू शकणारा सरकारी कागद सरकारी कपाटात होता. म्हणजे दडवलेल्या अभ्यासाबद्दल तक्रार करणारा अहवाल पुढे स्वतःच दडवला गेला. कादंबरीत घातलं तर संपादक म्हणेल, फार जुळवून आणलंत.

आता याच्या उलट घडलेलं बघू, तेही त्याच वर्षी आणि शेजारीच. गोव्यातल्या बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या न्या. एम. बी. शहा आयोगाचा अहवाल मार्च २०१२ मध्ये सादर झाला. चौकशी आयोगांच्या १९५२ च्या कायद्यात अहवाल केलेल्या कार्यवाहीच्या टिपणीसह सहा महिन्यांत सभागृहापुढे ठेवण्याची अट आहे. अगदी त्या मुदतीच्या काठावर, ७ सप्टेंबरला, तो संसदेच्या पटलावर आला. १० सप्टेंबरला गोवा सरकारने खाणकाम थांबवलं. ५ ऑक्टोबरला सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. आयोगाने नुकसानीचा अंदाज सुमारे ३५ हजार कोटी रुपयांचा दिला होता. तो फुगवलेला आहे असं खाणवाल्यांचं म्हणणं होतं, आणि त्यावर उघड वाद झाला, कारण आकडा उघड होता. या बंदीने हजारो ट्रकवाले, बार्जवाले, गॅरेजवाले देशोधडीला लागले हेही खरं, आणि अहवाल उघडे ठेवले की सगळं गोड होतं असा माझा दावा नाही. दावा एवढाच आहे की सहा महिने कागद सरकारकडे असताना जे झालं नाही ते पटलावर आल्यावर तीन दिवसांत झालं. अहवालातली वाक्यं तीच होती, फक्त वाचणारे वाढले होते.

इथे एक कायदेशीर बारकावा आहे, आणि सगळी मेख त्यातच आहे. चौकशी आयोगाला निदान सहा महिन्यांची अट आहे. तीही सरकारांना जाचते. इंदिरा गांधींच्या हत्येची चौकशी करणाऱ्या न्या. ठक्कर आयोगाचा अहवाल सभागृहापुढे ठेवावा लागू नये म्हणून १९८६ मध्ये कायद्यातच दुरुस्ती केली गेली. ती १९९० मध्ये काढून टाकावी लागली. पण साध्या शासन निर्णयाने नेमलेल्या समितीला, अभ्यासगटाला, कार्यदलाला हा कायदा लागूच होत नाही. तिचा अहवाल सहा महिन्यांत काय, सहा वर्षांत पटलावर आला नाही तरी कुणी काही मोडलेलं नसतं. डॉ. विजय केळकर समितीने महाराष्ट्राच्या प्रादेशिक असमतोलावरचा अहवाल ऑक्टोबर २०१३ मध्ये दिला. विधिमंडळात तो आला डिसेंबर २०१४ मध्ये, नागपूर अधिवेशनात, सरकार बदलल्यावर. मराठवाड्याला पाणी किती आणि विदर्भाला निधी किती यावर मधल्या काळात लोकसभेच्या आणि विधानसभेच्या अशा दोन निवडणुका झाल्या. दोन्ही वेळा मतदाराच्या हातात तो अहवाल नव्हता.

सभागृहाचा मान हा यावरचा ठरलेला बचाव असतो. अहवाल आधी सभागृहापुढे यायला हवा, त्याआधी तो संकेतस्थळावर टाकला तर विशेषाधिकाराचा भंग होतो. जिथे कायद्याने वा संविधानाने पटलावर ठेवणं बंधनकारक आहे तिथे हे मान्य करायला हरकत नाही. कॅगचे अहवाल तसे आहेत. पण मानाच्या नावाखाली तारीख लांबवण्याची मुभा सरकारकडे राहते, आणि ज्याचं लेखापरीक्षण व्हायचं तोच निकालाची वेळ ठरवतो. दिल्लीत कॅगचे १४ अहवाल अडून राहिले होते, ते फेब्रुवारी २०२५ मध्ये नवी विधानसभा बसल्यावर बाहेर येऊ लागले. आपल्याकडे अशी थकबाकी नाही, पण कॅगचा अहवाल अधिवेशनाच्या अगदी शेवटच्या दिवशी पटलावर ठेवण्याची रीत विधिमंडळाच्या वार्ताहरांना पाठ झालेली आहे. त्या दिवशी चर्चेला वेळ नसतो, आणि दुसऱ्या दिवशी आमदार मतदारसंघात असतात. सभागृहाचा मान खरंच राखायचा असेल तर अहवाल अधिवेशनाच्या पहिल्या दिवशी ठेवावा.

खासगीपणाचा आक्षेप मात्र मी जास्त गंभीरपणे घेतो. चौकशीत साक्षीदार विश्वासाने बोलतात, त्यांत पीडित असतात, त्यांची नावं बाहेर गेली तर पुढच्या वेळी कुणी बोलणार नाही. मल्याळी चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांच्या स्थितीबद्दल न्या. हेमा समितीने डिसेंबर २०१९ मध्ये दिलेला अहवाल केरळ सरकारने याच कारणाने जवळपास पावणेपाच वर्षं बंद ठेवला. अखेर राज्य माहिती आयोगाच्या आदेशानंतर, ओळख पटेल असा मजकूर वगळून, ऑगस्ट २०२४ मध्ये तो खुला झाला. साक्षीदारांची ओळख झाकलेली राहिली आणि तरीही त्या उद्योगात काय चालतं ते सगळ्यांना कळलं. गाळून देता येतं हे माहितीच्या अधिकाराच्या कायद्यात कलम १० ने २००५ पासूनच लिहून ठेवलंय. काळ्या शाईच्या चार पट्ट्या मारायला पावणेपाच वर्षं लागत नाहीत. तेव्हा खासगीपणा हे अहवालातला मजकूर गाळण्याचं कारण होऊ शकतं, अख्खा अहवाल कपाटात ठेवण्याचं नव्हे. हे आत्ताच ठासून सांगायला हवं, कारण २०२३ च्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याने माहिती अधिकारातला वैयक्तिक माहितीचा अपवाद पूर्वीपेक्षा बराच रुंद केला आहे, आणि यापुढे हे कारण जास्त वेळा ऐकू येणार आहे.

तज्ज्ञ मोकळेपणाने लिहिणार नाहीत, अशीही एक भीती घातली जाते. अमेरिकेत तिथल्या संसदेला अभ्यास पुरवणाऱ्या संशोधन सेवेबद्दल हीच भीती कित्येक दशकं घातली गेली. करदात्यांच्या पैशाने लिहिलेले तिचे अहवाल फक्त लोकप्रतिनिधींना मिळत. बाकीच्यांसाठी खासगी विक्रेते ते मिळवून विकत असत, म्हणजे एकदा कर भरून पुन्हा विकत घ्यायचे. २०१८ मध्ये कायदा झाला आणि त्याच वर्षी सप्टेंबरात ते सर्वांसाठी फुकट संकेतस्थळावर आले. सेवा बंद पडली नाही, अहवाल लिहिणं चालू आहे. आपल्याकडेही फाइलवरची टिपणी आणि अहवाल यांत फरक करता येतो. सचिवाने मंत्र्याला सही करून दिलेला सल्ला काही काळ बंद राहिला तर समजू शकतं. पण ज्या समितीने गावोगाव सुनावण्या घेतल्या, लोकांना प्रश्न विचारले, त्यांचं म्हणणं टिपून घेतलं, तिचा निष्कर्ष त्याच लोकांपासून कशासाठी लपवायचा?

मग शेवटचा आक्षेप, तोही जरा उपहासाने केला जाणारा: वाचतंय कोण? पाचशे पानं संकेतस्थळावर टाकली म्हणून गावातला माणूस ती वाचणार आहे का? नाही वाचणार. कायद्याची पुस्तकंही सगळे वाचत नाहीत, म्हणून कायदे गुप्त ठेवले जात नाहीत. अहवाल असा एकदम सगळ्यांपर्यंत जात नसतोच. तालुक्याच्या ठिकाणचा एखादा वार्ताहर, कॉलेजातला भूगोलाचा प्राध्यापक, ग्रामपंचायतीतला एखादा चिकाटीचा सदस्य, दिवाणी कोर्टातली एखादी वकीलबाई अशी दोन-चार माणसं तो उघडतात, आपल्या कामाचं पान शोधतात आणि तेवढं इतरांना सांगतात. त्या पानाची झेरॉक्स ग्रामसभेत फिरते. व्यवस्था एवढीच हवी की त्या चार माणसांना ते पान सापडावं.

आणि नेमकं तिथेच 'ऑनलाइन उपलब्ध आहे' या वाक्याची पंचाईत होते. संकेतस्थळावर मराठी अहवाल उघडावा, शोधाच्या चौकटीत 'सावंतवाडी' टाइप करावं आणि उत्तर यावं की एकही जागा सापडली नाही, हा अनुभव सरकारी दस्तऐवज हाताळणाऱ्या कुणालाही नवा नाही. कारण ती फाइल म्हणजे पानांचे फोटो असतात. छापील प्रत काढायची, तिच्यावर सह्या-शिक्के घ्यायचे, मग ती स्कॅन करून चढवायची, ही कचेऱ्यांची रीत. पानं किंचित तिरपी, कडेला पंचिंगची भोकं, मधल्या तक्त्याचा उजवा रकाना अर्धा कापलेला. दुसरी तऱ्हा युनिकोडपूर्व फॉन्टांची. पडद्यावर मराठी झकास दिसतं, पण एक परिच्छेद उचलून दुसरीकडे चिकटवला की रोमन अक्षरं आणि विरामचिन्हांची गिचमीड हाती येते. डोळ्यांना मराठी आणि यंत्राला अगम्य. म्हणजे शोध नाही, भाषांतर नाही, आणि दृष्टिहीन वाचकासाठी मजकूर वाचून दाखवणारं सॉफ्टवेअरही मुकं. तिसरी तऱ्हा तुटलेल्या दुव्यांची. खात्याचं नाव बदलतं, संकेतस्थळाचा ठेका बदलतो, नवी रचना येते आणि जुन्या पत्त्यावर 'पान सापडले नाही' एवढीच पाटी उरते. सरकारने १८८० साली छापलेलं रत्नागिरी आणि सावंतवाडीचं गॅझेटियर आज घरबसल्या वाचायला मिळतं, आणि पंधरा वर्षांपूर्वीच्या समितीचा अहवाल शोधायला ओळखीचा माणूस लागतो.

हे तंत्रज्ञानाच्या अभावी होतं असं म्हणायला निदान महाराष्ट्रात तरी जागा नाही. इथे जीआरची व्यवस्था गेली कित्येक वर्षं चालू आहे आणि ती मनापासून कौतुक करण्यासारखी आहे. प्रत्येक शासन निर्णयाच्या शेवटी सांगितलेलं असतं की हा निर्णय शासनाच्या संकेतस्थळावर उपलब्ध असून त्याचा संकेतांक अमुक आहे. तो अठरा आकडी संकेतांक पाहिला की त्यातले पहिले आठ अंक म्हणजे वर्ष, महिना आणि दिवस असतो. पुढे वेळ येते आणि शेवटी खात्याची खूण. तारीख, खातं किंवा संकेतांक टाकून जीआर काढता येतो. बदलीच्या यादीपासून शाळेच्या अनुदानापर्यंत सगळा महाराष्ट्र तिथे रोज डोकावतो. शिक्षक, कंत्राटदार, ग्रामसेवक, सगळे. समिती नेमल्याचा जीआरही तिथेच असतो, संकेतांकासह, सदस्यांच्या नावांसह, कार्यकक्षेसह आणि भत्त्यांच्या तपशिलासह. समितीच्या जन्माचा दाखला इतका चोख ठेवणाऱ्या सरकारला तिच्या कामाचं फळ मात्र त्याच जागी ठेवावंसं वाटत नाही. समितीचा अहवाल त्याच संकेतांकाखाली जोडायला नवं पोर्टल नको, नवी निविदा नको, सल्लागार तर नकोच.

कायदाही आधीपासून हजर आहे. माहितीच्या अधिकारात अर्जाची वाट न पाहता स्वतःहून माहिती प्रसिद्ध करण्याचं कलम ४ आहे, आणि लोकांवर परिणाम करणारी महत्त्वाची धोरणं आखताना त्यासंबंधीची सर्व तथ्यं प्रसिद्ध करावीत असं ते म्हणतं. 'आखताना' हा शब्द महत्त्वाचा. आखून झाल्यावर नव्हे. माहिती प्रसृत करताना स्थानिक भाषेचा विचार करावा हेही त्याच कलमात आहे, तेव्हा मराठी सारांश ही मेहेरबानी नाही. आणि शैलेश गांधी यांच्या त्या आदेशात गाडगीळ अहवालापलीकडे जाणारा एक भाग होता, त्याची चर्चा फारशी झाली नाही. पर्यावरण मंत्रालयाने यापुढे आपल्याकडे येणारे आयोगांचे, विशेष समित्यांचे आणि गटांचे अहवाल मिळाल्यापासून ३० दिवसांत संकेतस्थळावर टाकावेत. एखादा भाग अपवादात बसतो असं वाटलं तर त्याची कारणं नोंदवावीत आणि उरलेला अहवाल ४५ दिवसांत टाकावा. म्हणजे नियमाचा मसुदा तयार आहे. तो एका मंत्रालयापुरता राहिला.

अहवाल वेळेवर आणि मराठी-कोकणीत खुला झाला असता तर पश्चिम घाट वाचला असता का? तसं म्हणायला आधार नाही. विरोध तरीही झाला असता, कदाचित अधिक नेमका झाला असता. पण वाद मजकुरावर झाला असता. गटाचं कुठलं कलम मान्य, कुठलं अमान्य, कुठल्या गावाला सूट, हे बोलता आलं असतं. ते झालं नाही, म्हणून पुढे जे आलं त्यावरही कुणाचा विश्वास बसला नाही. डॉ. कस्तुरीरंगन कार्यगटाने एप्रिल २०१३ मध्ये संवेदनशील क्षेत्र घाटाच्या सुमारे ३७ टक्क्यांवर आणलं, तरी त्याच वर्षी केरळात हरताळ आणि जाळपोळ झाली. २०१४ मध्ये ५६ हजार ८२५ चौरस किलोमीटरांची पहिली मसुदा अधिसूचना निघाली. तिची मुदत संपली की नवी, अशी रांग लागली. सहावी निघाली ३१ जुलै २०२४ रोजी, वायनाडमध्ये डोंगर कोसळला त्याच्या दुसऱ्या दिवशी. नऊ महिने कागद दाबून सरकारने शांतता विकत घेतली असेल, तर तिची किंमत पुढची बारा-तेरा वर्षं चुकती होते आहे.

तेव्हा मागणी छोटीच करतो. समिती नेमणाऱ्या प्रत्येक शासन निर्णयात एक कलम वाढवावं: समितीचा अहवाल सादर झाल्यापासून ३० दिवसांत, शोधता येईल अशा युनिकोड मजकुरात, मराठी सारांशासह, याच संकेतांकाखाली प्रसिद्ध केला जाईल, आणि वगळलेल्या मजकुराची कारणं सोबत दिली जातील. चार ओळींचं काम आहे. ते होईपर्यंत वाचकांनी एक करावं. आपल्या गावाचा, धंद्याचा, शाळेचा वा नदीचा संबंध असलेली समिती नेमल्याचं कळलं की तो जीआर काढून संकेतांक लिहून ठेवावा, आणि मुदत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी तोच संकेतांक देऊन जन माहिती अधिकाऱ्याकडे अहवाल मागावा. अर्जाचं शुल्क १० रुपये आहे.